आयोडीनविना पंधरा दिवस

थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, जखम भरते आणि मग काही रुग्णांना डॉक्टर सांगतात, ‘आता किरणोत्सारी आयोडीनचा डोस घ्यायचा आहे. त्याआधी एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार घ्या.’ घरी पोचेपर्यंत या सूचनेचं ‘मीठ बंद’ असं रूपांतर झालेलं असतं. रुग्णापुढे अळणी वरण-भात येतो आणि ताकद यावी म्हणून सोबत पेलाभर दूध. यात दोन्हीकडून गफलत होते. मीठ पूर्ण बंद करायचं नसतं आणि दूध मात्र टाळायचं असतं. असं का, ते आज समजून घेऊ.

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिचं संप्रेरक तयार होतं ते आयोडीनपासून. त्यामुळे रक्तात येणारं आयोडीन ही ग्रंथी हावरेपणानं ओढून घेते. थायरॉइडच्या नेहमी आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये, म्हणजे पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारांत, बिघडलेल्या पेशीही बहुधा ही सवय सोडत नाहीत. उपचार याच सवयीचा फायदा घेतो. आयोडीन-१३१ गोळीतून किंवा द्रवरूपात दिलं, की शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या पेशी ते साधं आयोडीन समजून आत घेतात. त्यातून निघणारे बीटा किरण दोन-तीन मिलिमीटरच्या आतच थांबतात, म्हणून मारा मुख्यतः त्याच पेशींवर होतो.

थायरॉइडच्या आजारावर किरणोत्सारी आयोडीन प्रथम वापरलं ते डॉ. सॉल हर्ट्झ यांनी, १९४१ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात. आपल्याकडे मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करत आहे. थायरॉइडच्या प्रत्येक कर्करोगाला हा डोस लागतो असं मात्र नाही. लहान, कमी जोखमीच्या गाठींना बहुधा शस्त्रक्रिया पुरते, तर मेड्युलरी प्रकारच्या पेशी आयोडीन घेतच नाहीत.

आता आहाराकडे वळू. पेशींचं पोट आधीच साध्या आयोडीननं भरलेलं असेल, तर औषधाचं आयोडीन आत कसं जाणार? म्हणून त्यांना काही दिवस उपाशी ठेवायचं. प्रौढ माणसाची आयोडीनची रोजची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम असते. या काळात ते ५० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवायचं असतं. आपल्याकडे विक्रीच्या ठिकाणी मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावं, असा नियम आहे. म्हणजे चहाच्या एका चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम मिठातच ७५ मायक्रोग्रॅम झालं! दिवसाची मर्यादा तिथेच ओलांडली.

तेव्हा मीठ बदलायचं. बिनआयोडीनचं मीठ कुठलं आणि कुठून घ्यायचं, हे उपचार करणाऱ्या विभागालाच विचारावं. शेंदेलोण किंवा खडे मीठ आहे म्हणजे त्यात आयोडीन नाही, असं धरून चालू नये. पाकिटावरचा मजकूर वाचावा. मीठ अजिबात तोडणं धोक्याचं ठरू शकतं. थायरॉइडच्या गोळ्या थांबवलेल्या असतात, वय जास्त असतं, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. अशा वेळी रक्तातलं सोडियम घसरून गुंगी, गोंधळलेपणा येऊ शकतो.

मिठाखालोखाल आयोडीन येतं ते समुद्रातून. मासे, कोळंबी, सुकट, बोंबील, सोडे हे सगळं बंद. जेलीसाठी वापरतात तो चायना ग्रासही समुद्री शेवाळाचाच. दुधात आयोडीन उतरतं ते जनावरांच्या खाद्यातून आणि सडांना लावायच्या जंतुनाशकातून. म्हणून दूध, दही, ताक, पनीर नको. अंड्याचा पिवळा बलक टाळावा, पांढरा चालतो. लोणचं, पापड, फरसाण, पाव, बिस्किटं, तयार मसाले आणि हॉटेलचं जेवण यांत कुठलं मीठ पडलं हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा तेही दूर ठेवावं.

मग उरलं काय? पुष्कळ उरलं. भात, घरची पोळी-भाकरी, डाळी, उसळी, ताज्या भाज्या, फळं, गूळ, तेल, बिनमिठाचे शेंगदाणे आणि कोरा चहा. मांसाहारी मंडळींना थोडं ताजं चिकन किंवा मटण चालतं.

आयोडीन औषधांतूनही येतं. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या द्रव्यात ते भरपूर असतं आणि त्याचा परिणाम कित्येक आठवडे टिकतो. जखमेवरचं तपकिरी औषध, काही जीवनसत्त्वांच्या गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमियोडेरोन यांतही आयोडीन असतं. म्हणून सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, पण कुठलंही औषध आपल्या मनानं बंद करू नये.

या पथ्यानं शरीरातलं आयोडीन कमी होतं, हे लघवीच्या तपासणीत दिसतं. त्यामुळे उपचाराचं अंतिम यश किती वाढतं, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून एखाद दिवशी चुकून बिस्कीट खाल्लं, तर सगळं वाया गेलं असं समजून खचून जाऊ नये. डॉक्टरांना सांगावं, म्हणजे झालं.

शेवटची गोष्ट घरातल्या इतरांसाठी. १९५६ मध्ये कांगडा खोऱ्यात सुरू झालेल्या अभ्यासानं आयोडीनयुक्त मिठानं गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि १९६२ पासून देशानं त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. घरातल्या मुलांना आणि गर्भवतीला या मिठाची फार गरज असते. तेव्हा रुग्णाची भाजी वेगळी काढा, पण सगळ्या घराचं मीठ बदलू नका. आणि उपचारानंतर डॉक्टरांनी पथ्य संपल्याचं सांगितलं, की रुग्णालाही पुन्हा त्याच पंगतीत बसवा.