तीन विरुद्ध दोन (लेखांक ४)

अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने सगळ्या सेवांना सारखंच वागवावं यासाठीचे, नियम फेब्रुवारी २०१५ मध्ये आले आणि १४ डिसेंबर २०१७ ला रद्द झाले. दोन्ही निर्णय एफसीसी या दूरसंचार आयोगाचे, आणि दोन्ही वेळा मतदान तीन विरुद्ध दोन. पाच जणांच्या या आयोगात एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन सदस्य असू शकतात, आणि ते तीन सहसा राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे असतात. ओबामा गेले, ट्रम्प आले, टॉम व्हीलर यांच्या जागी अजित पै अध्यक्ष झाले. नियमांचं काय होणार, हे तेव्हाच दिसत होतं.

पै यांचा आक्षेप असा, की या नियमांसाठी आधार घेतला होता १९३४ च्या, टेलिफोनच्या जमान्यातल्या कायद्याचा. असलं ओझं लादलं की कंपन्या नव्या केबल टाकायला पैसा घालत नाहीत. विरोधक विचारत होते, घरापर्यंत वेगवान इंटरनेट आणणारी कंपनी बऱ्याच भागांत एक, फार तर दोन. तिने एखादी व्हिडिओ सेवा मुद्दाम संथ केली तर ग्राहकाने जायचं कुठे? मला त्यांचं म्हणणं पटतं. स्पर्धाच नसेल तर बाजारावर भिस्त कशी ठेवायची?

पण या वादात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हरकती-सूचनांचं प्रकरण. रद्द करण्याआधी आयोगाने लोकांची मतं मागवली, तेव्हा २ कोटी २० लाखांच्या आसपास आली. त्यातली सुमारे १ कोटी ८० लाख बनावट होती, असं न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्या मे २०२१ च्या अहवालात निघालं. ८५ लाखांहून अधिक तर ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतली. गिफ्ट कार्डाचं, बक्षिसाचं आमिष दाखवून त्यांच्या नावाने मत पाठवायला लोकांची संमती मिळवायची, असं काम एजन्सींना दिलं होतं. एजन्सींनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. खऱ्या माणसांची नावं-पत्ते उचलून बहुतेक संमती परस्पर तयार केल्या. कंपन्यांना हे थेट ठाऊक होतं, असा पुरावा मिळाला नाही. आणि दुसऱ्या बाजूने, नियम टिकावेत म्हणून, कॅलिफोर्नियातल्या १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने सॉफ्टवेअर चालवून ७७ लाख खोटी पत्रं धाडली. त्याचा हेतू मला पटणारा असला तरी कृती तितकीच घातक. ज्यांनी मनापासून चार ओळी लिहिल्या, त्यांची पत्रं या ढिगात गाडली गेली.

पुढचा प्रवास थोडक्यात. मे २०१८ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी नियम रद्द करण्याच्या विरोधात कौल दिला. प्रतिनिधिगृहाने विषय हातीच घेतला नाही. कॅलिफोर्नियाने आपला वेगळा कायदा केला. एप्रिल २०२४ मध्ये बायडन यांच्या काळातल्या आयोगाने नियम परत आणले, पुन्हा तीन विरुद्ध दोन. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द केले: आयोगाला कायद्याने हा अधिकार दिलेलाच नाही. म्हणजे देशभरासाठी नियम हवा असेल तर तो काँग्रेसनेच करायला हवा, आणि तिथे दोन्ही पक्षांनी हे काम वर्षानुवर्षं तडीला नेलेलं नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने, निवडक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'सारख्या योजनांचा रस्ता बंद केला. पण आपलं संरक्षणही ट्रायच्या नियमांत आणि परवान्याच्या अटींत आहे, संसदेच्या स्वतंत्र कायद्यात नाही. मोबाइल कंपन्या आता बड्या ॲपवाल्यांकडे नेटवर्कच्या खर्चाचा वाटा मागत आहेत. त्या मागणीचा हिशेब पुढच्या आठवड्यात.