भूक शांत झाली, पुढे काय?

आपल्याकडे 'तब्येत सुधारली' याचा अर्थ वजन वाढले, असा होता. सासरहून पहिल्यांदा माहेरी आलेली मुलगी अंगाने भरलेली दिसली की आई निर्धास्त होई. वाळलेली दिसली तर रात्री स्वयंपाकघरात तिची हळूच चौकशी होई. 'खात्यापित्या घरचा' ही स्थळाची शिफारस होती आणि सुटलेले पोट हे बढतीचे लक्षण. पन्नासएक वर्षांत या भाषेची पार उलटापालट झाली. लग्नकार्यात कुणी एकदम बारीक झालेला दिसला तर पूर्वी 'बरं नाही का?' असे विचारत. आता आवाज खाली आणून विचारतात, 'इंजेक्शन घेतोस का?'

यातले 'आवाज खाली आणून' महत्त्वाचे. रक्तदाबाची गोळी आपण चारचौघांत घेतो. मधुमेहाच्या गोळ्यांची डबी तर जेवणाच्या टेबलावरच असते. वजनाच्या औषधाची मात्र लाज वाटते, कारण लठ्ठपणा हा आजार नसून स्वभावदोष आहे, अशी आपली पक्की समजूत आहे. जाडा माणूस म्हणजे आळशी आणि जिभेवर ताबा नसलेला; आणि औषध घेऊन बारीक झालेला म्हणजे कॉपी करून पास झालेला!

या नव्या इंजेक्शनांनी सर्वात मोठा धक्का दिला आहे तो या समजुतीला. जेवण झाले की आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात पाझरते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे व्हायचा वेग कमी करते आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देते. हे नैसर्गिक संप्रेरक दोन-चार मिनिटांतच निकामी होते. सेमाग्लुटाइड ही त्याची टिकाऊ नक्कल. आठवड्यातून एक टोचणी पुरते. अमेरिकेत तिला २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि २०२१ मध्ये वजनासाठी मान्यता मिळाली. स्टेप-१ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्येच प्रसिद्ध झाले. १,९६१ माणसे, ६८ आठवडे. आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच. औषध मिळालेल्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, नुसत्या पाण्याची टोचणी मिळालेल्यांचे २.४ टक्के. आता या दुसऱ्या गटातले सारेच आळशी आणि पहिल्यातले सारेच निग्रही होते, असे तर कुणी म्हणणार नाही. फरक होता तो मेंदूला पोचणाऱ्या निरोपाचा.

जुन्या पिढीला वजनाच्या औषधांचा संशय वाटतो, तोही विनाकारण नाही. फेनफ्लुरामिनने हृदयाच्या झडपा बिघडतात हे लक्षात आल्यावर ते १९९७ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले. सिब्युट्रामिनमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसले. ते २०१० मध्ये अमेरिकेतून गेले आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. नव्या औषधांची गोष्ट निदान आजवर तरी वेगळी आहे. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल माणसांवरील चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास आहेतच. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीचे आणि देखरेखीचे. हळदीच्या आधी पाच किलो उतरवायचे म्हणून कुणाच्या ओळखीने मिळवण्याचे नव्हे.

बँकेतल्या नोकरीने एक सवय लावली आहे. हप्ता किती, याआधी मुदत किती, हे विचारायचे. टिर्झेपेटाइड हे याच घराण्यातले, आणखी जोरकस औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा पाच मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक कुपी. म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार, वर्षाला सव्वादोन लाखांवर. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांचा मार्ग मोकळा, म्हणजे हप्ता हलका होण्याची आशा. पण मुदतीचे काय? स्टेप-१ मधल्या काही जणांचे औषध थांबवून वर्षभर पाहिले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आले होते. म्हणजे बहुतेकांसाठी हे रक्तदाबाच्या गोळीसारखे, दीर्घकाळचे औषध आहे.

माझे एक निवृत्त सहकारी मधुमेहाने आणि गुडघ्यांनी बेजार होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी सात महिने इंजेक्शन घेतले. वजन ९४ वरून ८३ वर आले. जिना चढताना कठड्याचा आधार लागेनासा झाला. मग पेन्शनला ओझे झेपेना, बंद केले. चार-पाच महिन्यांत सहा किलो परत. 'माझ्यातच काही कमी असणार,' असे ते म्हणाले, तेव्हा मला फार वाईट वाटले. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला, तर असे कुणी म्हणते का?

मग चांगल्या सवयींना काही किंमतच उरली नाही का? उरली आहे, आणि आपल्याला तर ती अधिकच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर आपण सडपातळ, आत मात्र चरबी जास्त आणि स्नायू कमी. म्हणून आपली कंबर आपल्या वजनापेक्षा जास्त खरे बोलते.

या शरीरात औषध येते, भूक मंदावते, माणूस चार घास खाऊन उठतो. मग फक्त चरबीच उतरते असे नाही. स्टेप-१ मध्ये ज्यांच्या शरीराची मोजणी झाली, त्यांच्या उतरलेल्या वजनात एकतृतीयांशाहून अधिक वाटा स्नायू आणि चरबी नसलेल्या इतर भागांचा होता. ज्यांच्याकडे मुळातच स्नायूंची शिल्लक थोडी, त्यांना हे परवडणारे नाही. साठीनंतर तर नाहीच. तेव्हा ते चार घास कशाचे, हा प्रश्न उरतो. पोहे नि साबुदाण्याची खिचडी हवीच, पण आधी उसळ, पिठले, अंडे, मासळी, दही. आणि दंडाला, मांडीला काम. डंबेल्स उचला, नाहीतर बैठका काढा. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्यांचा ध्यास घेतला ते सूर्यनमस्कार घाला. आजोबांची जेवणानंतरची शतपावली तर रक्तातली साखर खाली आणायला आजही उपयोगी पडते.

मध्यंतरी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे दोनदाच जेवणे खरे की ऋजुता दिवेकरांचे थोडे थोडे खाणे, यावर घराघरांत खडाजंगी झाली. आता तिसरा पक्ष इंजेक्शनवाल्यांचा. मला या भांडणात चेन्नईतला एक जुना अभ्यास आठवतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी खाणे सुधारले आणि चालणे वाढवले, त्यांच्यात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि त्यांचे वजन जवळपास होते तेवढेच राहिले. काटा हलला नाही, आजार मात्र मागे हटला.

म्हणजे ही दोन वेगळी कामे आहेत. ज्याची भूक रोगट झाली आहे, त्याला औषध ती शांत करून देते. कितीही उपदेश केला तरी ते काम उपदेशाने होत नाही. स्नायू जपणे, चालणे, वेळेवर झोपणे हे मात्र कुठलीही कुपी करून देत नाही. ज्याला औषधाची गरज आहे त्याने ते उजळ माथ्याने घ्यावे, ज्याला नाही त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि चालायला दोघांनीही जावे. आपण बाकीच्यांनी एवढेच करावे: कुणी बारीक झालेला दिसला किंवा पुन्हा भरलेला दिसला, तर त्याच्या स्वभावाचे प्रगतिपुस्तक वाचू नये.