माग थांबला, पण अर्ज अडला : इलेक्ट्रॉनिक्स स्पर्धेसाठी प्रकल्प कसा सादर करावा

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी आपली मुले हल्ली इलेक्ट्रॉनिक्सच्या स्पर्धांत उतरू लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु यंत्र बनविणे हे एक काम आणि त्या यंत्राचा अर्ज तयार करणे हे दुसरे काम, हे या मुलांना कोणी सांगत नाही. गेल्या वर्षी आमचा पुतण्या व त्याचे मित्र अशाच एका स्पर्धेच्या पहिल्या फेरीत बाद झाले. "चाचा, माग तर थांबतो ना! मग अजून काय पाहिजे त्यांना?" असे तो आम्हाला विचारीत होता. आम्ही पडलो कापडाची माणसे. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांतला फरकसुद्धा आम्हाला त्याच्याकडूनच कळला. तथापि सारी उमर व्यापाऱ्यांना नमुने दाखविण्यात गेली असल्यामुळे त्याचा अर्ज हाती घेताच दोष कोठे आहे ते ध्यानात आले. पहिल्या फेरीत परीक्षकासमोर यंत्र जात नसते, कागद जात असतो. आणि कागदावर यंत्राखेरीज बाकी सर्व काही होते.

मुलांनी बनविलेले यंत्र असे. साध्या यंत्रमागावर एक कारागीर सहा-सहा, आठ-आठ माग सांभाळतो. एका मागावर उभा धागा तुटला आणि तो दुसऱ्या टोकाला कांडी बदलत असला, तर माग तसाच चालत राहतो. तुटलेल्या धाग्याच्या जागी कापडात उभी रेघ पडते. कित्येकदा ते टोक शेजारच्या धाग्यांत गुंतून जाळी पडते आणि तागा सेकंडमध्ये जातो. हा दोष टाळण्यासाठी प्रत्येक उभ्या धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी लटकवितात. तिला ड्रॉप पिन म्हणतात. धागा तुटला की पिन खालच्या धातूच्या बारवर पडते, कमी व्होल्टचा प्रवाह पूर्ण होतो आणि माग बंद होतो. मुलांनी या जोडणीत एक मायक्रोकंट्रोलर बसविला होता.

आता त्यांचा अर्ज पाहा. पहिली दोन पाने वस्त्रोद्योगाच्या प्राचीन परंपरेची. तिसऱ्यावर 'स्मार्ट लूम', 'क्रांती', 'कृत्रिम बुद्धिमत्ता' असे भारी शब्द. छायाचित्र कोणत्या तरी परदेशी कारखान्याचे. सर्किटच्या जागी चार चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. शेवटी 'भारतातील पहिलेच यंत्र' असा दावा! उर्दू माध्यमातून दहावी करून थेट इंग्रजीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांचे असे होते. आपली इंग्रजी कमी दिसू नये म्हणून ती मोठमोठे शब्द उचलतात. आमचेही शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि सुरुवातीच्या काळात परगावच्या पेढ्यांना आम्ही अशीच पत्रे लिहीत असू. त्या पत्रांवर एकही ऑर्डर आली नाही.

नुकसान आकड्यात सांगा

पहिली दुरुस्ती आम्ही ही केली की, परंपरेची दोन पाने फाडली व त्या जागी चार ओळींचा हिशेब लिहावयास लावला. माग मिनिटाला १५० पिक मारतो. कापड इंचाला ५० पिकांचे आहे. म्हणजे मिनिटाला ३ इंच कापड विणले जाते. धागा तुटल्यानंतर कारागिराचे लक्ष जायला १२ मिनिटे लागली, तर ३६ इंच, म्हणजे पुरा एक गज कापड दोषी झाले. हा हिशेब ज्याने जन्मात माग पाहिला नाही अशा परीक्षकालाही कळतो. त्याला आपल्या धंद्याबद्दल प्रेम वाटावे अशी अपेक्षा करू नये. नुकसान किती आणि कोणाचे, एवढे त्याला समजले म्हणजे पुरे.

'पहिलेच' हा शब्द खोडा

धागा तुटताच थांबणारा माग ही काही नवी गोष्ट नव्हे. जपानच्या साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग १९२४ साली तयार झाला. तो धागा तुटला की आपोआप थांबत असे. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने विकत घेतले. आपल्याकडे २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साधे माग जागेवरच सुधारण्यासाठी अनुदान होते आणि त्या सुधारणांत वार्प स्टॉप मोशनही होता. परीक्षकांत वस्त्रोद्योगाचा एक जाणकार असला, तर 'पहिलेच' हा शब्द वाचून तो पुढचे पान उलटणार नाही.

मग मुलांच्या यंत्रात नवे काय उरले? या प्रश्नावर पोरे आधी रुसली. आम्ही त्यांना आमच्या शेडमधील एका मागावर यंत्र लावू दिले आणि सोबत एक वही दिली. माग थांबला की वेळ लिहायची आणि धागा खरोखर तुटला होता काय, ते लिहायचे. पहिल्या पाळीत माग २६ वेळा थांबला. धागा तुटलेला होता ९ वेळा! बाकीच्या वेळी मागाच्या हादऱ्याने पिना उडून क्षणभर बारला चिकटल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो कारागिराने वायरच काढून खिळ्याला टांगून ठेवलेली. त्याची मजुरी मीटरवर आहे. माग विनाकारण थांबला की त्याच्या खिशातून पैसे जातात. मालकाचा तागा वाचावा म्हणून त्याने आपली रोजी का घालवावी? मुलांना हा अपमान वाटला. आम्ही म्हटले, बाबांनो, तुमचा खरा विषय हाच आहे. अर्जाचे पहिले वाक्य येथून सुरू करा.

त्यानंतर काम सरळ झाले. मिनिटाला १५० पिक म्हणजे एका पिकाला ४०० मिलिसेकंद. हादऱ्याने उडालेली पिन बारला टेकते ती त्याहून फार थोडा वेळ. तुटलेल्या धाग्याची पिन मात्र पडूनच राहते. तेव्हा मायक्रोकंट्रोलरने पिन टेकताच माग न थांबविता पूर्ण ४०० मिलिसेकंद वाट पाहावी व तोवर जोडणी सलग राहिली तरच माग थांबवावा, असे मुलांनी ठरविले. या उशिरात फार तर एखाद-दुसरा पिक जास्त पडतो, म्हणजे इंचाचा पन्नासावा-पंचविसावा भाग. कापडाचे काही बिघडत नाही. दहाव्या पाळीत माग ११ वेळा थांबला आणि त्यात खरे तुटणे ८ होते. शिवाय एकदा धागा तुटूनही तो थांबला नाही, कारण बारवर रुईचा थर साचून पिनेची जोडणीच झाली नव्हती.

ही शेवटची गोष्ट अर्जात लिहावी की नाही, यावर घरात बरीच तकरार झाली. आमचे मत स्पष्ट होते. नमुन्यात गाठ असेल तर ती व्यापाऱ्याला आपण होऊन दाखवावी. त्याने शोधून काढली तर उरलेल्या मालावरचाही त्याचा भरवसा उडतो. मुलांनी 'मर्यादा' असे शीर्षक देऊन लिहिले की, प्रत्येक पाळीला बार ब्रशने साफ करावा लागतो, नाही तर यंत्र फसते. तसेच मोटर सुरू होताना येणाऱ्या विजेच्या धक्क्याने चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. त्यावर माग थांबविणाऱ्या सोलेनॉइडच्या कॉइलला डायोड जोडला आणि चिपचा वीजपुरवठा वेगळा केला, हेही नोंदविले. पहिल्या अर्जातील चार चौकोन गेले आणि त्या जागी प्रत्येक भागाची किंमत, व्होल्ट व क्रमांक दाखविणारा पुरा आराखडा आला. दुसऱ्या गावचा मुलगा तो कागद पाहून तेच यंत्र बनवू शकला पाहिजे, अशी कसोटी आम्ही लावली.

ही कसोटी आमच्या मनाची नव्हे. हॅकाडे प्राइझ नावाची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली. तिचे पहिले मोठे बक्षीस सॅटनॉग्स या ग्रीसमधील गटाला मिळाले. उपग्रहांचे संदेश पकडणारे स्वस्त केंद्र त्यांनी बनविले होते व त्याचे आराखडे सर्वांना खुले ठेवले होते. विजेत्याला अंतराळाची सफर किंवा १,९६,४१८ डॉलर असा पर्याय होता. त्यांनी रोकड घेतली आणि त्यातून पुढे संस्था उभारली. आम्हाला त्यांचा हा व्यवहार फार पसंत पडला.

खर्चाचा तक्ता

येथे मुलांची सर्वांत मोठी चूक झाली होती. मायक्रोकंट्रोलर, रिले, ट्रान्सफॉर्मर, डबा असे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सामान तेवढे त्यांनी मोजले आणि एका मागाची किंमत अगदी कमी दाखविली. पिना मोजल्याच नाहीत! ४४ इंच पन्ह्याच्या कापडात इंचाला ४८ धागे धरले तर २,११२ धागे होतात आणि प्रत्येक धाग्याला एक पिन लागते. पिनेला ५० पैसे धरले तरी हजारावर रुपये झाले. शिवाय नवी बिम चढली की इतक्या पिना पुन्हा लावण्याची मजुरी वेगळीच. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याच्या नजरेत चिप येते, पिन येत नाही. मागवाल्याच्या नजरेत नेमके उलट. तक्ता मांडताना एक नग घेतला तर काय भाव व १०० घेतले तर काय भाव, असे दोन रकाने ठेवावेत आणि जीएसटी धरून लिहावे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून फुकट मिळालेल्या वस्तूचीही बाजारभावाने किंमत लावावी.

नियमांबाबत थोडक्यात सांगतो. स्मार्ट इंडिया हॅकाथॉन ही सरकारी स्पर्धा २०१७ पासून होते आणि २०१८ पासून तिचा हार्डवेअर विभागही आहे. तेथे गट सहा विद्यार्थ्यांचा व त्यात किमान एक मुलगी असा नियम असून, नाव कॉलेजच्या मार्फत पाठवावे लागते. चिप बनविणाऱ्या कंपन्यांच्या स्पर्धांत बहुधा त्याच कंपनीचे भाग वापरण्याची अट असते. आधी सर्किट बनवून मागाहून अट वाचली तर सर्व मेहनत पाण्यात जाते. नियम दर वर्षी नव्याने वाचावेत. आमच्या पुतण्याच्या गटाने मुलगी केवळ नियमापुरती घेतली होती. वही तिनेच ठेवली आणि गटात सर्वांत उपयोगी कागद तोच निघाला.

चित्रफीत मागितली असेल तर ती शेडमध्येच घ्यावी, मात्र बोलू नये. मागांच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नाही. मुलांनी पहिल्या खेपेला दोन मिनिटे ओरडून भाषण केले ते सर्व वाया गेले. दुसऱ्या खेपेला पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखविले, कॅमेऱ्यासमोर कात्रीने एक धागा कापला, शेजारी घड्याळ ठेवले आणि माग थांबेपर्यंत कॅमेरा हलविला नाही. हे चित्रण मध्ये कोठेही तोडू नये, नाही तर पाहणाऱ्याला शंका येते.

आणखी एक गोष्ट व्यापारी म्हणून सांगणे आमचे कर्तव्य आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे शोध आधी जगजाहीर झाला तर त्यावर पेटंट मिळणे कठीण होते. तेव्हा पेटंटचा विचार असेल तर प्रकल्प खुला करण्यापूर्वी तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज दाखल करावा व १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा. ऑनलाइन अर्जाची मूळ फी व्यक्तीसाठी १,६०० रुपये आहे. वकिलाचा किंवा एजंटाचा खर्च निराळा. आमच्या मुलांच्या यंत्रातील पिन-बारची कल्पना शंभर वर्षे जुनी असल्याने आम्ही या भानगडीत पडलो नाही. ज्यांची कल्पना खरोखर नवी आहे त्यांनी मात्र बक्षिसाच्या घाईत हे विसरू नये.

नवा अर्ज या खेपेला सहा पानांचा झाला. पहिल्या पानावर गजाचा हिशेब व कारागिराने काढून ठेवलेली वायर, शेवटच्या पानावर पिनांसह खर्च. निकाल अद्याप लागलेला नाही. यंत्र अजून त्याच मागावर आहे. मागच्या आठवड्यात मुले ते कॉलेजात दाखविण्यासाठी न्यायला आली, तेव्हा ज्या कारागिराने वायर काढली होती तोच म्हणाला की, चालू बिम उतरू द्या, मग न्या.