फूल पडलं, तरी फळ झाडावरच!

टप्... टप्... टप्! मार्च-एप्रिलात गडचिरोलीच्या रानात पहाटे गेलात, तर हा आवाज ऐकाल. पाऊस नाही बरं का! मोहाची फुलं पडतायत. झाडाखाली आजीपासून नातीपर्यंत सगळे टोपल्या घेऊन वाकलेले. सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे लोक या मोहाला ‘इप्पा’ म्हणतात.

एक फूल तळहातावर घ्या. फिकट पिवळं, गुबगुबीत, दाबलं की बोटं चिकट! आता टोकाच्या भोकातून आत बघा. कडेला पुंकेसर चिकटलेत, पण मधला स्त्रीकेसर कुठे गेला?

तो वर फांदीवरच आहे! मोह खाली टाकतो ती नुसती गोड वाटी. फळ धरणारा भाग झाड स्वतःकडेच ठेवतं. म्हणून खाली पडलेली कितीही फुलं वेचली, तरी त्यापायी एकही फळ कमी होत नाही. मला तर ही युक्ती कितीदा पाहिली तरी नवी वाटते.

आणि ही वाटी कुणासाठी? वटवाघळांसाठी! रात्री ती फुलं खायला येतात, तोंडाला पराग माखतात आणि पुढच्या झाडावर नेतात. खाली पडलेल्या फुलांवर अस्वलंही ताव मारतात, म्हणून वेचणारे सावध असतात.

वाळलेल्या फुलात निम्मी तरी साखरच. भाकरीत घाला, लाडू वळा. खोकल्याला या फुलांचा काढा देतात. पावसाच्या तोंडावर फळांतल्या बिया, म्हणजे टोळंबी, गोळा होतात. त्यांचं तेल दिव्यात जळतं, भेगाळलेल्या टाचांना आणि दुखऱ्या सांध्यांना चोळतात.

माडिया लोक रानातलं नवं फळ-फूल आधी देवाला दाखवतात, मगच खातात. अशा सणाला ते ‘पंडुम’ म्हणतात. देवांना आणि पूर्वजांना मोहाच्या दारूचे थेंबही वाहतात. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. पण एवढ्या गुणी झाडाला कुणी नुसतं ‘दारूचं झाड’ म्हटलं, की मला फार वाईट वाटतं.

फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. ती आग कधीकधी रानभर पसरते. त्यावर एक साधा उपाय आहे: झाडाखाली जाळी बांधायची. फुलं अलगद जाळीत पडतात, त्यांना माती लागत नाही, आणि पाल्यातली मोहाची इवली रोपंही जळत नाहीत.