गिरणीने टाकलेला माग

भिवंडीत यंत्रमाग आला तो कोरा नव्हे. १९३०च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथल्या विणकरांनी विकत घेतले आणि घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवले. हे विणकर मुख्यतः मोमीन-अन्सारी. १८५७ नंतरच्या दशकांत त्यांची कुटुंबं उत्तर हिंदुस्थानातून इकडे आली आणि हातमागावर लुगडी विणू लागली. तेलंगणातले पद्मशाली पुढे आले. पद्मानगर ही त्यांची वस्ती.

गावात ज्याला साधा लूम म्हणतात, त्याची घडण इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नची. एडमंड कार्टराइटने १७८५मध्ये यंत्रमागाचं पहिलं पेटंट घेतलं, पण एका माणसाला अनेक माग सांभाळता येऊ लागले ते १८४१मध्ये ब्लॅकबर्नच्याच केनवर्दी आणि बुलो यांनी केलेल्या सुधारणांनंतर. धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे जातो, फणी बाणा ठोकते. धोट्यातली सुताची कांडी संपली की कारागीर माग थांबवून भरलेली कांडी घालतो आणि लगेच शेजारच्या मागाकडे वळतो. आवाज असा की शेजाऱ्याशी खुणेनेच बोलावं लागतं.

हा यंत्रमाग येण्याआधीच इंग्लंडने १७०० आणि १७२१च्या कायद्यांनी हिंदुस्थानच्या रंगीत-छापील सुती कापडाला स्वतःचं दार बंद केलं होतं. पुढे त्यांच्या यंत्रांचं स्वस्त कापड आपल्या बाजारात आलं. मुंबईच्या गिरण्या स्पर्धेत उतरल्या तेव्हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दबावाखाली १८९६पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला आणि जवळजवळ तीस वर्षं टिकला. ज्या यंत्राने हातमागाचं पोट मारलं, तेच यंत्र म्हातारं झाल्यावर विणकरांच्या पुढच्या पिढ्यांनी पदरमोड करून घेतलं. यात मला त्यांची हार दिसत नाही. जगण्याची अशी जिद्द इतिहासात क्वचितच नोंदली जाते.

पण माग गिरणीतून शेडमध्ये आला, तेव्हा कामगाराचे हक्क गिरणीतच राहिले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या काळापासून झगडून गिरणी कामगाराने रविवारची सुट्टी मिळवली. पुढच्या लढ्यांनी आठ तासांची पाळी, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी दिला. १९४८चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर लागू होत असे. म्हणून एकाच छपराखालचे माग भाऊ, मुलगा, सून यांच्या नावांवर वाटले गेले. सरकारच्या १९५६च्या कापड धोरणाने गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली. वाढायला मोकळीक उरली ती छोट्या शेडला. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि विणाईचं आणखी काम भिवंडीकडे सरकलं. मुंबईचं गिरणगाव उपाशी असताना इथे माग रात्रंदिवस चालू होते. त्यावर काम करणारा कामगार त्या संपाचा शत्रू नव्हता. त्यालाही बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी एवढंच मिळत होतं.

मालक म्हणावा तर तोही बहुधा स्वतंत्र नाही. सूत व्यापाऱ्याचं, विकायचं कापडही व्यापाऱ्याचं. याच्या वाट्याला जॉबची मजुरी आणि विजेचं बिल. सुताचा भाव चढला, कापड उठेना, की व्यापारी काम थांबवतो, शेड बंद होते आणि कारागीर भिशीतल्या, म्हणजे कामगारांच्या खानावळीतल्या, जेवणाची उधारी मागे ठेवून गावी जातो. बिनधोट्याचे वेगवान माग आले आहेत, पण ते घेण्याइतकं भांडवल जॉबवर जगणाऱ्याकडे साठत नाही. शेडची जागा मात्र विकली जाते, कारण मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांना भाडं मिळतं. त्या गोदामांत माल चढवायला-उतरवायला माणसं लागतात, आणि तिथेही बरीचशी भरती ठेकेदारामार्फतच होते.