*आवळा सुकवताना ड्रायरचं तापमान वाढवू नका*

धान कापणीनंतर आता आवळ्याचा हंगाम. पहाटे दव पडतं, म्हणून उन्हापेक्षा ड्रायर बरा. पण घाईने ७०-८० डिग्री लावलं तर फोडीचा वरचा थर कडक होतो, पाणी आत अडकतं. वरून सुकलेल्या दिसणाऱ्या मालाला डब्यात बुरशी लागते.

✅ आवळे वाफवून फोडी मोकळ्या करा, ट्रेवर एकच थर पसरा.
✅ तापमान ५५-६० डिग्री. मधून मधून ट्रे खालीवर करा.
✅ ५ किलो फोडींचं वजन साधारण १ किलोवर यायला पाहिजे.
✅ थंड झाल्यावर आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवा, रोज हलवा. काचेवर ओल दिसली तर परत सुकवा, मगच पॅकिंग करा.

शंका असल्यास फोडीचा फोटो याच नंबरवर पाठवा.