हवेवर थंड होणारी मोटार आणि वेगाची हौस

जुन्या मोटारी जतन करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये फोक्सवॅगन कंपनीची ‘बीटल’ ही गोलसर पाठीची जर्मन मोटार फार लाडकी आहे. १९४५ च्या डिसेंबरअखेरीस वोल्फ्सबुर्ग येथील कारखान्यात तिचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची गाडी तयार झाली. या अवधीत दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक बीटल बाहेर पडल्या. साधी, मजबूत आणि दुरुस्तीस सोपी अशी तिची ख्याती. परंतु तिच्या मालकाची एक तक्रार मात्र जुनीच आहे, ती ही की गाडी पळत नाही. १९६० नंतरच्या साध्या बीटलचे इंजिन ११९२ घनसेंटिमीटरचे, त्याची शक्ती ३४ अश्वशक्ती आणि गाडीचा परमावधीचा वेग ताशी सुमारे ११५ किलोमीटर. घाटाच्या चढावर आजची लहानशी मोटारही तिला सहज मागे टाकते. मग मालकाच्या मनात येते, हिला थोडी चपळ करता येणार नाही काय? करता येते. पण कोणत्या क्रमाने, कोठपर्यंत आणि कोणती किंमत देऊन, हे कळल्यावाचून हात घातला तर इंजिन तर जातेच, कधी जिवावरही बेतते. म्हणून आज या विषयाचा थोडा विचार करू.

प्रथम ही गाडी संथ का आहे ते पाहू. तो कारागिरीतील दोष नव्हे. फर्डिनांड पोर्शे आणि त्यांचे सहकारी यांनी ही मोटार आखली ती सामान्य माणसाने जर्मनीच्या लांब महामार्गांवर तासन्‌तास पूर्ण वेगाने हाकावी आणि तरीही इंजिनास इजा होऊ नये या हेतूने. त्यासाठी त्यांनी इंजिनाचा श्वासच आवळून ठेवला. कार्ब्युरेटर लहान, झडपा लहान, हवा आत नेणारी नळी लांब व अरुंद. दर मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फेरे झाले की इंजिनास अधिक हवा मिळतच नाही, आणि म्हणून ते त्यापुढे फारसे धावतही नाही. जी हवा आत जाते तिच्या मानानेच पेट्रोल जळते आणि जितके पेट्रोल जळते तितकी शक्ती मिळते. तात्पर्य, शक्ती वाढविणे म्हणजे दर मिनिटास अधिक हवा आत घेणे. बाकी सर्व युक्त्या या एका सूत्राच्या शाखा आहेत.

पण या सूत्राला दुसरी बाजू आहे. पेट्रोलमधील उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर जाते आणि काही इंजिनाच्या धातूत शिरते. बहुतेक मोटारींत ती पाण्याच्या द्वारे बाहेर नेली जाते. बीटलमध्ये पाणी नाही, रेडिएटर नाही. आपल्या ओळखीच्या जुन्या बजाज स्कूटरचे इंजिन जसे पत्र्याच्या आवरणात असे आणि पंखा त्यावर हवा फेकीत असे, तीच योजना येथे मोठ्या प्रमाणावर आहे. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ कडा असतात, त्यांना कारागीर फिन म्हणतात. त्यांच्यामधून पंख्याची हवा जाते आणि उष्णता घेऊन खाली बाहेर पडते. आता सारख्याच आकारमानाचे पाणी आणि हवा घेतली तर पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. म्हणजे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाजवळ उष्णतेची शिल्लक फार थोडी असते. अश्वशक्ती वाढवाल तितकी ही शिल्लक खर्ची पडते.

म्हणून पहिली पायरी अशी, की नवे काही मिळविण्यापूर्वी हरवलेले परत मिळवावे. साठ वर्षांच्या गाडीत कारखान्याने दिलेल्या ३४ अश्वशक्तींपैकी किती शिल्लक आहेत? चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे; त्यात फार तफावत असेल तर रिंगा किंवा झडपा झिजल्या आहेत असे समजावे. प्लग, पॉइंट आणि टायमिंग नीट लावावे. पायाखालची पट्टी पूर्ण दाबली असता कार्ब्युरेटरची झडप खरोखर पूर्ण उघडते काय, हे एकाने आत बसून व दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. केबल ढिली असल्यामुळे ती अर्धवटच उघडते असे पुष्कळदा आढळते. ब्रेक चाकास घासत नाहीत ना, टायरांत हवा पुरेशी आहे ना, हेही पाहावे. टॅपेटचे अंतर इंजिन पूर्ण गार असताना तपासावे. धूर सोडणारी झडप तापते आणि ती आपली उष्णता बैठकीला टेकूनच देते. अंतर नाहीसे झाले तर झडप बैठकीवर पुरती टेकत नाही, थंड होत नाही आणि शेवटी जळते. एवढी कामे नीट झाली म्हणजे पुष्कळ मालकांना आपली गाडी नवी झाल्यासारखी वाटते आणि पुढचा खर्च अनावश्यक ठरतो.

दुसरी पायरी थंडाव्याची. इंजिनाच्या भोवतीचे पत्रे आणि रबराची पट्टी यांना पुष्कळजण शोभेची वस्तू समजतात. वास्तविक ती पट्टी वरची गार हवा आणि खालची तापलेली हवा यांच्यामधील भिंत आहे. ती फाटली किंवा एखादा पत्रा हरवला की पंखा खालची गरम हवाच पुन्हा ओढतो. पंखा जनरेटरच्या पट्ट्यावर फिरतो. तो पट्टा तुटला की लाल दिवा लागतो, आणि तसा तो लागला तर गाडी तत्काळ थांबवावी, घरापर्यंत नेण्याचा मोह टाळावा. बाजारात लहान पुली मिळते. तिने पंखा हळू फिरतो आणि एक-दोन अश्वशक्ती वाचतात, पण चढावर, जेथे हवा सर्वांत अधिक हवी, तेथेच ती कमी पडते. चकचकीत पण आतून पोकळ अशा पंखाघरांचीही हीच गोष्ट. मूळ पंखाघरात हवा चारही सिलिंडरांना वाटून देणारे आतले पडदे असतात. स्वस्त नकलेत ते नसतात.

या इंजिनातील तिसरा सिलिंडर विशेष दुर्दैवी होय. जुन्या बनावटीत तेल थंड करणारे यंत्र पंखाघरातच त्याच्या वाटेवर उभे असते. त्यामुळे त्याच्या वाट्यास येणारी हवा आधीच तापलेली असते. १९७१ च्या नमुन्यापासून कंपनीने ते यंत्र बाजूस सरकवून त्याची हवा निराळ्या मार्गाने बाहेर काढली. शक्ती वाढवावयाची असेल तर ही नंतरची योजना आधी बसवावी. तेल अवघे अडीच लिटर असते आणि मूळ इंजिनात कागदी फिल्टरही नाही, केवळ जाळी आहे. म्हणून अधिक तेलाची टाकी, फिल्टर आणि तेलाचे तापमान दाखविणारे घड्याळ यांवरचा खर्च वाया जात नाही.

आपल्याकडे आणखी एका गोष्टीचा विचार अवश्य करावा. भारतात आज पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे जुन्या जेटमधून जाणारे मिश्रण पातळ पडते आणि इंजिन अधिक तापते; जेट थोडे मोठे घ्यावे लागते. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ होऊन फुटू शकतात. त्या नळ्या तापलेल्या इंजिनावरून जातात आणि इंजिनाचे मुख्य घर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे, जो पेटला तर विझविणे महाकठीण. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्यांना फार थोडा खर्च येतो.

तिसरी पायरी ब्रेक आणि चाकांची, आणि ती शक्तीच्या आधीच यावयास हवी. हिशेब सोपा आहे. ताशी ११५ चा वेग १५० वर नेला तर गाडी थांबविताना ब्रेकना जी ऊर्जा गिळावी लागते ती सुमारे १.७ पट होते. जुन्या बीटलला चारही चाकांस ड्रम ब्रेक आहेत. १९६६ मध्ये १५०० चे इंजिन आले तेव्हा युरोपातील त्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना कंपनीने डिस्क ब्रेक दिले. शक्ती वाढताच ब्रेक वाढवावे हा धडा खुद्द निर्मात्यांनीच घालून दिला आहे. मागच्या चाकांची गोष्ट याहून नाजूक. जुन्या बीटलचा मागचा आस मध्यापासून झुलतो. वळणावर वेगात असताना चालकाने एकाएकी पाय काढला तर बाहेरचे मागचे चाक आतल्या बाजूस दुमडते आणि इंजिनाचे सर्व वजन मागे असल्यामुळे गाडीची पाठ फिरते, प्रसंगी गाडी उलटते. यास आवर घालणारी आडवी स्प्रिंग कॅलिफोर्नियात अनेक वर्षांपूर्वीच विक्रीस आली होती. चांगले रेडियल टायर, नवे शॉक अॅब्सॉर्बर आणि अशी स्प्रिंग हे वेगाच्या हौसेचे पहिले हप्ते समजावेत.

एवढे झाल्यावर शक्तीची गोष्ट. जर्मनीत गेरहार्ड ओटिंगर यांनी १९५० च्या दशकातच ‘ओक्रासा’ या नावाने संच विकले. त्यांत दोन कार्ब्युरेटर आणि प्रत्येक सिलिंडरास हवेचे स्वतंत्र द्वार असलेले हेड असे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे जो व्हिटोन यांच्या एम्पी या संस्थेने हाच व्यवसाय वाढविला. कंपनीने स्वतःही दोन द्वारांचे हेड १९७१ च्या नमुन्यापासून १३०० व १६०० च्या इंजिनांना दिले. हा श्वास मोकळा करण्याचा मार्ग. दुसरा मार्ग सिलिंडर मोठे करण्याचा. कंपनीच्या १६०० च्या इंजिनात दट्ट्याचा व्यास ८५.५ मिलिमीटर आणि धाव ६९ मिलिमीटर, म्हणजे १५८४ घनसेंटिमीटर आणि ५० अश्वशक्ती. ८७ मिलिमीटरचे दट्ट्ये घातले की १६४१ होतात. परंतु हे सिलिंडर जुन्याच भोकात बसवावयाचे असल्याने त्यांची भिंत पातळ होते आणि ती तापली की आकार सोडते. म्हणून जाणते कारागीर घर व हेड यंत्रावर कापून ९०.५ मिलिमीटरचे जाड सिलिंडर बसवितात. त्याचे १७७६ होतात. तिसरा मार्ग कॉम्प्रेशन वाढविण्याचा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात तो सर्वांत सावधपणे वापरावा. कारण अवेळी स्फोट होऊ लागला तर त्याची ठकठक पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही. दट्ट्यास भोक पडल्यावरच कळते.

या सर्वांतून वेग किती वाढतो? येथे निसर्ग कठोर आहे. मोठ्या वेगात हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ११५ चे १५० करावयाचे तर सुमारे सव्वादोनपट, म्हणजे ७५ अश्वशक्ती हव्यात. उलट चढावरची आणि रहदारीतली चपळाई मात्र थोड्याच शक्तीने लाभते. पणजीहून चोर्ला घाटाने बेळगावास जाणारा मनुष्य साडेसातशे मीटर वर चढतो. तेवढ्या उंचीवर हवा सात टक्क्यांनी विरळ होते आणि ३४ पैकी दोन-अडीच अश्वशक्ती वाटेतच जातात. तेथे पन्नास अश्वशक्तींचे निरोगी इंजिन समाधान देते. शंभराच्या इंजिनाने त्याहून अधिक फारसे साधत नाही.

शेवटी कायदा. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते, की नोंदणीपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ स्पष्ट केला. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंद मिळू शकते, परंतु चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला असता कामा नये. आणि अशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. म्हणून मोठ्या इंजिनाचा बेत करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. अपघात घडला तर विमा कंपनी नोंदणीपत्र आणि इंजिन ताडून पाहते, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा क्रम असा: आधी मूळ शक्ती परत आणावी, मग थंडावा, नंतर ब्रेक व चाके, आणि त्यानंतर, कायदा अनुमती देईल तेवढीच, नवी शक्ती. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. पुढच्या पिढीतील मालकास ती गाडी पुन्हा जशीच्या तशी उभी करावीशी वाटेल. पहिल्या तीन पायऱ्यांवर थांबणाऱ्यास कोणाचीही परवानगी शोधावी लागत नाही, आणि बहुतेक गाड्यांना तेवढ्यावरच बरे वाटते.